न वाचलेल्या एकसष्ट सूचना

आमच्या वेबसाइटवरचं एक वाक्य कोणीतरी काढून टाकत होतं.

बाकी साइट जागच्या जागी. फोटो, नकाशा, फोन नंबर, प्रत्येक तंबोऱ्याच्या आवाजाची क्लिप, सगळं नीट. फक्त ‘आमच्याविषयी’ या पानावरचं तिसरं वाक्य नाहीसं झालेलं: ‘आमच्या प्रत्येक तंबोऱ्याची जवारी उस्ताद दस्तगीर बारगीर स्वतःच्या हातानं काढतात.’ वरचं आणि खालचं वाक्य एकमेकांना चिकटून बसलं होतं, जणू मध्ये कधी काही नव्हतंच.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भाजी घेतली की घरी येऊन पुन्हा वजन करते. दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा परत येते. तेव्हा वाक्य आपोआप गळून पडलं असेल असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मी ते पुन्हा लिहिलं, पासवर्ड बदलला आणि वाट बघत बसले. नऊ दिवसांनी वाक्य पुन्हा गेलं.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची जी गल्ली आहे, तिच्या टोकाला आमचं दुकान. पुढं चार फूट काउंटर, मागं कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि भोपळे टांगायला एक पत्र्याची शेड. दस्तगीर बारगीर हे माझे वडील, आमचे अब्बा. इलाही माझा धाकटा भाऊ, नोकरीसाठी पुण्याला असतो. पहिली वेबसाइट त्यानं एकोणिसाव्या वर्षी याच काउंटरवर बसून केली होती. तो पुण्याला गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण ती लिहायला माझा हात वळत नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं मराठीत देते आहे.

वेबसाइट सांभाळणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दरवर्षी तिचं नाव नव्यानं नोंदवा. सुरक्षेचं प्रमाणपत्र संपलं की गिऱ्हाइकाला ‘ही जागा धोकादायक आहे’ अशी लाल पाटी दिसते, ती काढा. विकला गेलेला तंबोरा यादीतून उतरवा, नवीन चढवा, तुटलेले दुवे शोधा, सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवा. हे करता करता कारखान्यात अब्बांच्या हाताखाली धरलेली माझी कानस हातातून सुटायला लागली, तेव्हा इलाहीनंच ‘राखणदार’ बसवून दिला.

राखणदार हा साइटमध्येच राहणारा प्रोग्रॅम. साइट तो सांभाळतो, तुम्ही फक्त बोलायचं. तो पानं वाचतो, फोटो बघतो, क्लिप ऐकतो, आणि पानावर लिहिलेलं आणि खरोखर असलेलं जुळतंय का ते तपासत राहतो. शेवटचा शिसवी तंबोरा विकला गेला की ‘शिल्लक आहे’ ही ओळ तो स्वतः उतरवतो. गेल्या वर्षी नियम आला की धंद्याच्या पानावर केलेला दावा खोटा निघाला तर जबाबदारी दुकानदाराची. तेव्हापासून राखणदार प्रत्येक वाक्याकडे जास्तच बारकाईनं बघायला लागला. जे त्याला स्वतःला ठरवता येत नाही, ते तो माणसाला विचारतो. विचारतो म्हणजे सूचनांच्या पेटीत चिठ्ठी टाकतो.

ती पेटी मी उघडत नसे. एकदा उघडली होती, तर कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि आमचं पहिलं पान तीन दिवस कुठल्याशा हॉटेलसारखं दिसत होतं. शिवाय चिठ्ठी उघडली की ‘वाचली’ अशी नोंद होते. नियमाचा कागद मी शब्दन् शब्द वाचला होता. जे वाचलंच नाही ते मला माहीत नव्हतं, असं सांगता येतं. जे वाचलंय त्याचं काय सांगणार? म्हणून मी सूचनांचा आवाज बंद करून टाकला होता.

मला भीती होती, आणि भीतीला कारण होतं. ते वाक्य खोटं होतं.

जवारी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. तंबोऱ्याची तार भोपळ्यावरच्या घोडीवर टेकलेली असते. घोडीच्या माथ्यावर हाडाची पट्टी असते. ती वरून सपाट दिसते, पण तिला अगदी बारीक उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत, सुटत थरथरते, आणि एका सुरातून वरचे दहा-पंधरा सूर फुटतात. तार आणि हाड यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून त्याची जागा शोधायची, की तंबोरा बोलायला लागतो. हा उतार कानशीनं काढावा लागतो आणि तो मोजपट्टीत सापडत नाही, कानात सापडतो. कानस एकदा जास्त फिरली तर तार नुसती खुळखुळते. घासलेलं हाड परत येत नाही.

अब्बांचे कान तीन वर्षांपूर्वी गेले. पुरते नाही. वरचे सूर गेले, खालचे राहिले. डॉक्टरांनी चांगलं यंत्र दिलं, बोलणं त्यात स्पष्ट ऐकू येतं. पण ते यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं आहे. एकसारखा लांबणारा सूर कानावर पडला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजते आहे, आणि ते तो सूर दाबून टाकतं. म्हणजे यंत्र लावलं की तंबोरा विझतो, आणि काढलं की त्याचा वरचा अर्धा भाग अब्बांपर्यंत पोचत नाही. अब्बा यंत्र खिशात ठेवून काम करत. पहिल्या वर्षी चार तंबोरे परत आले. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, प्रवासात घोडी सरकली. अब्बांनाही तेच सांगितलं.

मग मी चोरून काम सुरू केलं. अब्बा सकाळी सातला कामाच्या बैठकीवर बसत, दुपारी जोहरच्या नमाजाला उठत, जेवून तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजापर्यंत झोपत. ते झोपले की मी तारा सैल करून घोडी काढायची, त्यांनी घासलेल्या हाडावर माझ्या कानानं शेवटचा हात फिरवायचा आणि परत चढवायची. अस्रच्या आधी क्लिप घेऊन साइटवर टाकायची. अब्बा उठून तंबोरा छेडत आणि मान डोलवत. दोन वर्षं हे चाललं.

एका बाबतीत माझं नशीब चांगलं होतं. अलीकडे अब्बांचा हात हलका पडला होता. हाड पूर्वीइतकं उतरत नसे, मला काम करायला त्यात भरपूर शिल्लक असे. मनगटात जोर राहिला नाही, असं मी धरून चालले. नजरही अधू झाली असावी, कारण हाडाच्या कडेला ते हल्ली पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारून घेत, कुठवर घासायचं ते दिसावं म्हणून. मी काम झालं की ती रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकायची.

सांगून का टाकलं नाही, असं कोणीही विचारेल. आमच्या आजोबांनी, दादामियाँनी, डोळ्यांपायी कानस खाली ठेवली ती उन्हाळा संपता संपता. दिवाळीच्या आत ते गेले. आजार काही नव्हता. सकाळी उठून बसायला जागा उरली नाही, एवढंच. अब्बांना कळलं असतं की आपल्या हाताचं काम मुलगी दुपारी उलगडून पुन्हा करते, तर त्यांनीही कानस ठेवली असती. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी एक खोटं वाक्य साइटवर राहिलं तर राहू दे, असा माझा हिशेब होता.

आणि आता ते वाक्य कोणीतरी काढत होतं. म्हणजे कोणालातरी माहीत होतं.

बदलांच्या नोंदीत दोन्ही वेळा एकच शेरा होता: ‘बदल: अधिकृत व्यक्ती. तपशील सूचनांमध्ये.’ अधिकृत व्यक्ती तीन. मी, इलाही आणि कागदोपत्री मालक म्हणून अब्बा. अब्बांच्या फोनवर राखणदार मीच कधीतरी चालू करून दिलं होतं. पण अब्बा फोनवर वर्तमानपत्र वाचतात आणि नमाजाच्या वेळा बघतात. त्यांना मी मोजलंच नाही. राहिला इलाही.

इलाहीवर संशय घ्यायला मला फार वेळ लागला नाही, याची आज लाज वाटते. तो मागच्या ईदला म्हणाला होता, अब्बांना आता आराम दे, घोड्या यंत्रावर कापून घेता येतात. तेव्हापासून माझ्या मनात ते होतं. मी त्याला दुपारी ऑफिसातच फोन लावला.

“खरं सांग,” मी म्हटलं, “‘आमच्याविषयी’वर तू हात घालालाईस का?”

“मी कशाला घालू?”

“अब्बांना बैठकीवरनं उठवायचं तुझ्या मनात हाय म्हणून.”

“हाय की. आणि ते मी तुझ्या तोंडावर बोललोय, आपा. चोरून कशाला करू?” मग तो म्हणाला, “पण एका वाक्यासाठी तू एवढी का तापलीयस? त्यात काही खोटं हाय का?”

त्यानं सरळ विचारलं होतं. मला मात्र तो खडा टाकून बघतोय असं वाटलं. मी फोन ठेवला आणि अधिकृत व्यक्तींच्या यादीतून त्याचं नाव काढलं. ज्यानं साइट उभी केली त्याचं नाव काढायला दोन बटणं पुरली. संध्याकाळी त्याचा निरोप आला, ‘दिसलं मला.’ बाकी काही नाही.

उरुसाला तो दरवर्षी येतो. या वर्षी आला नाही. अब्बांनी दोनदा विचारलं, मी म्हटलं, सुटी मिळाली नसेल.

उरूस संपून आठवडा झाला आणि वाक्य पुन्हा गेलं.

त्या दिवशी मी काउंटरवर डोकं धरून बसले. इलाही नव्हता. मी नव्हते. मग उरला कोण, तर स्वतः राखणदार. मला आधीच सुचायला हवं होतं असं वाटलं. चोवीस तास आमच्या घरात बसून सगळं ऐकणारा, आणि मला न विचारता ‘ताहेराताई’ म्हणणारा. ताई म्हणायला त्याला कोणी शिकवलं देव जाणे. अब्बा झोपल्याची खात्री करून मी दार लोटलं आणि पडद्यासमोर बसले.

“ते वाक्य तू काढतोस?”

“नाही, ताहेराताई. मला ते काढायचा अधिकार नाही. मला ते तपासावं लागलं, एवढंच.”

“का?”

“क्लिप आणि वाक्य जुळत नव्हतं. ऐकवू?”

मी हो म्हणायच्या आत त्यानं दोन तंबोरे ऐकवले. एक चार वर्षांपूर्वीचा, एक गेल्या महिन्यातला. दोन्ही एकाच पट्टीतले, एकाच जातीचे. मग पडद्यावर दोन आलेख काढले आणि मला समजावायला लागला. तार छेडल्यापासून विझेपर्यंत वरचे सूर कोणत्या क्रमानं फुटतात आणि कोणत्या क्रमानं मावळतात, हे घोडीच्या उतारावर ठरतं. उतार हात ठरवतो. प्रत्येक हाताची एक सवय असते, अक्षरासारखी. पहिल्या एकशे अठरा क्लिपांमध्ये एक हात आहे. मग चौदा क्लिपांमध्ये तोच हात आहे पण सातवा सूर आणि त्यावरचे सूर भरकटलेले आहेत. त्यानंतरच्या सगळ्या क्लिपांमध्ये दुसरा हात आहे.

गेली दोन वर्षं मी रोज दुपारी स्वतःच्या हातानं पुरावा रेकॉर्ड करून याच्या स्वाधीन करत होते.

“दुसरा हात चांगला की वाईट?” का कोण जाणे, तोंडून हेच निघालं.

“ते मला ठरवता येत नाही. वेगळा आहे, एवढं सांगता येतं.”

“हे तू कुणाला सांगितलंस?”

“मी सांगितलं नाही. विचारलं. कोणाला विचारलं आणि काय उत्तर आलं ते सूचनांच्या पेटीत आहे. एकसष्ट सूचना न वाचलेल्या आहेत. त्यातली एक तुमच्या संमतीसाठी चार महिने थांबली आहे. उघडू?”

संमती. हा शब्द ऐकला आणि मी सावध झाले. म्हणजे मी मान्य करायचं, मान्य केल्याची नोंद व्हायची, मग तो कागद कुठं जाणार, अब्बांपर्यंत कधी पोचणार, कोणी सांगावं. मला वाटलं, हा मला गोड बोलून सही करायला लावतोय.

“नको उघडू,” मी म्हटलं. “आणि आजपासून क्लिप ऐकायच्या नाहीत.”

“ठीक आहे. पण ताहेराताई, पेटी—”

मी पडदा बंद केला. वाक्य पुन्हा लिहिलं. आणि बेचाळीस नंबर सोडून सगळ्या तंबोऱ्यांच्या क्लिप साइटवरून उतरवल्या. बेचाळीसवर धारवाडच्या एका गिऱ्हाइकासाठी राखून ठेवल्याची खूण होती, म्हणून तेवढी ठेवली.

ते गिऱ्हाईक म्हणजे हेमलता गोकावी. गाणं शिकवतात, पन्नाशी उलटलेली, आवाज खालचा आणि नजर धारदार. पाठवून द्या म्हणणारं हे माणूस गुरुवारी सकाळी अकराला काही न कळवता स्वतःच दारात उभं राहिलं. अब्बा बैठकीवर होते. मांडीवर नवी घोडी, खिशात कानाचं यंत्र.

“बेचाळीस नंबर बघायचा आहे,” गोकावीबाई म्हणाल्या.

मी तंबोरा काढून दिला. त्यांनी चपला बाहेर ठेवल्या, जमिनीवर बसून तो मांडीवर घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ छेडत राहिल्या. मग डोळे उघडून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “परवा तुमच्या साइटवर लिहिलेलं होतं, जवारी उस्ताद स्वतः काढतात म्हणून. काल बघितलं तर ते वाक्य नाही. बाकीच्या क्लिपाही नाहीत. मला हे काही ठीक वाटेना. म्हणून म्हटलं, गाडीत बसावं आणि समोरासमोर विचारावं. ही जवारी कोणी काढली?”

काल. म्हणजे मी लिहिल्यावर दोन दिवसांत वाक्य पुन्हा गेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

“अब्बांनीच,” मी म्हटलं. “तांत्रिक अडचण आहे साइटची, ते वाक्य—”

“थांब जरा,” अब्बा म्हणाले.

त्यांनी खिशातून यंत्र काढून कानात बसवलं. सावकाश, दोन्ही कानांत. मग गोकावीबाईंना म्हणाले, “आता बोला. काय विचारलासा?”

त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी अब्बांच्या आणि त्यांच्या मधोमध उभी होते. काहीतरी पाडावं, काहीतरी फोडावं, पण उत्तर येऊ देऊ नये असं वाटत होतं. हातात पाडायला काही नव्हतं.

“हिनं काढली,” अब्बा म्हणाले. “माझ्या मुलीनं.”

“अब्बा, काय बोलालाईसा.”

“यंत्र लावून बोलतोय, नीट बोलतोय.” मग पुन्हा बाईंकडे वळून, “दोन वर्षं झाली. घोडी मी घडवतो, जवारी ताहेरा काढते. माझा कान वरच्या सुराला पोचत नाही. माझ्या हाताची पाहिजे असेल तर आता या दुकानात मिळायची नाही. ही पाहिजे तर तिच्या नावानं न्या.”

मी काउंटरचा कठडा धरला. दोन वर्षं. त्यांनी दोन वर्षं म्हटलं, पेटीतल्या चिठ्ठीसारखं चार महिने नाही.

गोकावीबाईंनी पुन्हा एकदा पंचमाची तार छेडली आणि ती पुरती विझेपर्यंत ऐकली. “मी क्लिप ऐकून आले,” त्या म्हणाल्या. “नाव मी नंतर वाचलं. मला हाच न्यायचा आहे. पण बाई, जे आहे ते लिहा की पानावर. माझा एक दिवस गेला.”

“मी दिलंय लिहून,” अब्बा म्हणाले. “चार महिने झाले. हिचं उत्तर यायचंय.”

तंबोरा गवताच्या पेटीत बांधला, पेटी रिक्षात चढवून बाईंना निरोप दिला. परत आले तेव्हा अब्बा बैठकीवरच होते. यंत्र कानात तसंच होतं.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“दुसऱ्याच दिवशी. चाळीस वर्षं कानस धरलीय, ताहेरा. माझ्या हाताची रेघ आडवी जाते, तुझी जरा तिरकी. सकाळी घोडीवर बोट फिरवलं की कळतंय कोण येऊन गेलं ते.”

“मग बोलला का नाही?”

“तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला माझी लाज राखायचीय. राखू दे म्हटलं.” त्यांनी घोडी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. “मग त्या राखणदारानं फोनवर विचारलं, मोठ्या अक्षरात. हे वाक्य खरं आहे का? आता समोरून कोणी विचारल्यावर खोटं कसं लिहू? नाही म्हणून लिहिलं. तू परत घालायचीस, तो परत विचारायचा, मी परत नाही म्हणायचो, की ते निघायचं. खरं काय तेही लिहून दिलं. तो म्हणाला, ज्याचं नाव घालायचं त्याची संमती लागते. तुझं उत्तरच येईना. मला वाटलं, तुला माझ्या नावाशेजारी तुझं नाव नको असेल.”

चार महिने मी सगळ्या जगावर संशय घेत होते आणि हा माणूस माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी पडद्यासमोर गेले आणि पेटी उघडली.

एकसष्टपैकी पन्नासावर तर नेहमीच्याच होत्या. प्रमाणपत्राची मुदत, साइटची प्रत, कोणत्या तरी फोटोचा आकार. मग अब्बांना विचारलेला प्रश्न आणि त्यांचं उत्तर, चार वेळा, तेच ते. ‘हे वाक्य खरं आहे का?’ ‘नाही. द. बारगीर.’ आणि सगळ्यांत तळाशी, चार महिन्यांपूर्वीची, माझ्या संमतीसाठी थांबलेली ती चिठ्ठी:

‘त्या वाक्याच्या जागी हे घालावं. आमच्या तंबोऱ्यांची घोडी दस्तगीर बारगीर घडवतात. जवारी त्यांची मुलगी ताहेरा बारगीर काढते. दोन वर्षांपासून. घोडीच्या कडेला पेन्सिलची रेघ असते, रेघेच्या वरचं हाड तिच्यासाठी सोडलेलं असतं. हे शेवटचं पानावर घालू नये, तिला कळावं म्हणून लिहिलं आहे.’

मी ते तीनदा वाचलं. हात हलका पडला नव्हता. मनगटातला जोर गेला नव्हता. नजरही अधू झाली नव्हती. दोन वर्षं रोज सकाळी हा माणूस पाच तास बसून हाड घासत होता आणि नेमक्या जागी थांबत होता, आणि मी दुपारी येऊन त्याची खूण फडक्यानं पुसून टाकत होते. मी रडले. काउंटरवर, भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात असताना रडले.

संमतीचं बटण दाबलं. राखणदार म्हणाला, “बदल झाला, ताहेराताई.” त्याच्यावर मी अजून फारसा विश्वास टाकत नाही. इतकं ऐकणारा आणि इतकं कमी बोलणारा माणूस असता तर त्याच्यावरही टाकला नसता. पण त्या दिवशी मी त्याला बरं म्हटलं आणि सूचनांचा आवाज चालू केला.

मग इलाहीचं नाव पुन्हा यादीत घातलं आणि त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“सापडला का चोर?” त्यानं विचारलं.

“अब्बा.”

तो हसला नाही. “तू मला एकदा नीट विचारलं असतंस,” तो म्हणाला, “तर मी सांगितलं असतं, पेटी उघड म्हणून.” शनिवारी येतो म्हणाला. अजून त्याच्या आवाजात गाठ होती, ती लगेच सुटावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

माझी खरी भीती मात्र जागेवरच होती. आता सगळं उघडं झालं होतं, पानावर लिहिलं गेलं होतं. दादामियाँसारखे अब्बाही उद्या बैठकीवर बसणार नाहीत, या विचारानं मी सकाळी सातच्या आधीच दुकानात गेले आणि उगीचच काउंटर पुसत राहिले.

सात वाजले. सात वाजून पाच मिनिटं झाली. अब्बा आले, चष्मा पुसला, बैठकीवर बसले. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायला गेले आणि थांबले. ते कानातच राहू दिलं. नवी घोडी हातात घेतली, पेन्सिल घेतली, हाडाच्या कडेवर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं.

“किती ठेवू?” त्यांनी विचारलं.

“नेहमीएवढं,” मी म्हटलं.